नवसाचे केस

॥ श्री ॥
अमडापूर,
८ जानेवारी १९६४

गीताबाई,

तुमचे दादा आणि शालिग्राम परवा नांदुऱ्याहून गाडीत बसतील. दोघांपैकी लहान कोण, ते तुम्हाला स्टेशनावर कळेलच. पोराला खिडकीतून हात बाहेर काढू देऊ नका, असं मी तुमच्या दादांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी हो म्हटलं, म्हणजे एकदाही ऐकलं नसणार.

मीच येणार होते. पण बाळंत होऊन पंधरा दिवस झालेत, मला बाजेवरून खाली पाय टेकवू देत नाहीत. मुलगी झाली हे तुम्हाला कळलंच असेल. नाक तुमच्यावर गेलंय, आता काय करणार.

खामगावच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली आहे. पोराच्या हृदयात जन्मापासून काही खोट आहे म्हणतात. तुम्ही त्याला पाहिलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता, आता सहा सरली. धावला की ओठ जांभळे पडतात. खेळता खेळता मध्येच उकिडवा बसतो, गुडघे छातीशी घेतो, आणि थोड्या वेळानं आपला आपण उठतो. तसा बसला तर त्याला उठवू नका, तुमच्या विमल आणि मधूलाही सांगून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. त्याचे केस कमरेपर्यंत आले आहेत. तुम्हाला नवस ठाऊक आहे, पण मुंबईला गेल्यावर माणूस विसरतं म्हणून लिहिते. लग्नाला सात वर्षं झाल्यावर हा पोटाला आला, आणि त्याचं दुखणं कळलं तेव्हा मी टेकडीवरच्या देवीला बोलले की पोर खडखडीत बरं झालं म्हणजे त्याचे केस तुझ्या दारात उतरवीन आणि गावाला जेवू घालीन. तोवर त्याच्या डोक्याला लोखंड लागणार नाही. दवाखान्यात कुणी केस कापा म्हटलं तरी कापू देऊ नका. रोज तेल लावून एक वेणी घाला. वेणी घालताना तो कटकट करतो. गावातली पोरं चिडवतात म्हणून आताशा तो केसांचं नाव काढलं तरी रुसतो. तिकडे लक्ष देऊ नका.

जमलं तर त्याला समुद्र दाखवा. आपल्या तळ्यापेक्षा मोठा असतो का, म्हणून महिनाभर माझं डोकं खातो आहे. मी तरी कुठे पाहिलाय?

तुमची वहिनी
कोकिळा


परळ, मुंबई
२३ जानेवारी १९६४

कोकिळावहिनी,

हे पत्र दादांच्याच हाती देते आहे. शालिग्रामचं डोकं पाहून हा कागद उघडायच्या आधीच तुम्ही दादांवर तोंड टाकलं असेल, तर आता थांबा आणि नीट वाचा.

डॉक्टर म्हणाले, पोरगा बरा आहे. पाच-सहा दिवस सगळ्या तपासण्या केल्या. जन्माची खोट आहे खरी, पण अंग वाढेल तशी ती आपोआप भरून येईल, काळजीचं कारण नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. बाटलीतलं औषध दिलंय ते संपेपर्यंत द्या. तेव्हा तुमच्या देवीनं तुमचं ऐकलं.

दवाखान्याचं काम शनिवारी संपलं आणि रविवारी दादांनी आम्हा सगळ्यांना मुंबई दाखवली. मी इथं नऊ वर्षं राहते, पण खरी मुंबई त्या दिवशी पाहिली म्हणा ना. सकाळी ट्राममधून राणीच्या बागेत गेलो. हत्ती पाहिला, माकडं पाहिली. मधूनं माकडाला शेंगा द्यायच्या आणि स्वतःच खायच्या असं चाललं होतं. मग दादांनी टॅक्सी केली. खोटं नाही, विमलला विचारा. मत्स्यालयात काचेमागे रंगीत मासे फिरताना शालिग्रामनं पाहिले, आणि हे रात्री झोपतात कुठं, असं तिथल्या माणसाला विचारलं. शेवटी चौपाटीला गेलो. समुद्र पाहून तुमचा मुलगा म्हणाला, "याचा पलीकडला काठ कुठी हाये?" दिवसभर सगळीकडे पायी पायी फिरला, दमला म्हणून नाही.

केसांचं असं झालं. जो तो त्याला मुलगीच समजत होता. पोर हिरमुसलं. दादा म्हणाले, डॉक्टरांनी बरा आहे म्हटलं म्हणजे नवस पुरा झालाच, मग आजच्या दिवशी तरी त्याला कष्टी कशाला करायचं? वाटेत सलून होतं, तिथे कापले. एक केस खाली पडू दिला नाही. सगळे माझ्या लग्नातल्या हिरव्या खणात बांधून दिले आहेत, ते देवीला वाहा. रागवायचं तर माझ्यावर रागवा, दादांना काही बोलू नका.

बाळाला आत्याचा पापा.

गीता


अमडापूर,
६ फेब्रुवारी १९६४

गीताबाई,

रागावले होते, खोटं कशाला बोलू? देवीचं देणं परस्पर सलूनवाल्याच्या कात्रीखाली गेलं, हे कुठल्या आईला रुचेल? पण तुमचं पत्र वाचलं आणि राग कुठे गेला कळलं नाही. "डॉक्टर म्हणाले, पोरगा बरा आहे" ही ओळ मी सासूबाईंना वाचून दाखवली, शेजारच्या अमीनाबींना दाखवली, आणि मग एकटीनं पुन्हा वाचली. देव तारी त्याला कोण मारी, हे लहानपणापासून ऐकत आले. आता पटलं.

पुजारीबुवांना विचारलं. ते म्हणाले, केस पायरीशी आले म्हणजे झालं. मग माझा बाळंतपणाचा सव्वा महिना होताच, परवाच्या मंगळवारी नवस फेडला. टेकडीखाली गोवऱ्यांचे हार पेटवून त्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी, वरण. सारा गाव जेवला. अमीनाबींनी सकाळपासून माझ्याबरोबर कणीक मळली. शालिग्राम नव्या टोपीत मिरवत होता, आणि मला विचाराल तर इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

तुमच्या दादांचं मात्र काहीतरी बिनसलंय. टेकडीवर त्यांनी पोराला खांद्यावर नेलं. मी म्हटलं, आता चालू द्या की त्याला, बरा झालाय. ऐकलं नाही. पंगतीत वाढत राहिले, स्वतः पानावर बसलेच नाहीत. केस मला न विचारता कापले ते मनाला खात असेल. खाऊ द्या थोडं. एक दिवस टॅक्सीत बसले आणि घरी येऊन मौनीबाबा झाले.

गुरुजींना सांगून शालिग्रामला पहिलीत बसवलं आहे. दुखणं दुखणं करून एक वर्ष आधीच वाया गेलं.

तुमचे उपकार कसे फेडू? आखाजीला, म्हणजे तुमच्या मुंबईच्या अक्षय्यतृतीयेला, या, पुरणपोळी तुपात बुडवून वाढीन.

कोकिळा


परळ, मुंबई
१७ फेब्रुवारी १९६४

कोकिळावहिनी,

पत्र पोचलं. नवस फेडलात, वाचून काय लिहावं कळत नाही.

एक सांगायचं राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की काही महिने त्याला थकवू नका. ते मी मागच्या पत्रात लिहायला विसरले. तेव्हा शाळेची घाई करू नका, जूननंतर पाहू. तो बसला तर बसू द्या, नाही म्हणाला तर राहू द्या. जे मागेल ते द्या. लहान आहे अजून.

दादांना जपा. ते बोलत नाहीत म्हणून त्यांना काही वाटत नाही असं नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मुलांच्या परीक्षा झाल्या की मी चार दिवस येऊन जाईन म्हणते.

गीता


अमडापूर,
२४ एप्रिल १९६४

गीताबाई,

तुम्ही दहाव्याला आलात, मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही माझ्या पायाशी बसून रडलात तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा बोलले असते तर काय बोलले असते, मला ठाऊक नाही. आता लिहिते.

पाडव्याची गुढी त्यानं माझ्याबरोबर उभारली होती. साखरेची गाठी गळ्यात घालून बसला होता. आठवडाही गेला नाही. सकाळी दूध प्यायला आणि ओसरीवर आडवा झाला, तो उठला नाही.

मी फार विचार केला. बरा झालेला पोरगा असा जात नाही. डॉक्टरांनी बरा म्हटलं होतं, देवीनं दिला होता. मग मधे काय आडवं आलं? एकच गोष्ट आली. देवीचे केस देवीच्या दारात उतरले नाहीत. परक्या मुलखात, रस्त्यावरच्या सलूनमध्ये, मला न विचारता कापले. मी साडेतीन वर्षं राखले ते. गुंता काढताना तो रडायचा, तरी राखले. आणि तुमच्या दादांनी एका दिवसाच्या मौजेसाठी ते कापून टाकले. नंतर मी गावाला रोडगे खाऊ घालून काय होतं? जिचं तिला दिलं नाही, तिनं पोरगाच नेला.

हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. म्हटलं, "तुम्ही मारलं माह्या लेकराले." चुकलो म्हणाले असते तरी माझा जीव थोडा निवला असता. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. ते उठून वावरात गेले. आता तिकडेच खोपटात झोपतात, भाकर गड्याच्या हाती पाठवते. महिना झाला आम्ही बोललो नाही.

आखाजीला भाऊ न्यायला येतो आहे. बाळाला घेऊन नांदुऱ्याला जाते, आणि गीताबाई, मी परत येणार नाही. ज्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की मला कात्री दिसते, त्याच्या घरी कशी राहू? तुम्ही नणंद असून मला बहिणीसारख्या होता, म्हणून तुम्हाला आधी सांगितलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

कोकिळा


परळ, मुंबई
२ मे १९६४

वहिनी,

दादांनी मला शपथ घातली होती. ती मी आज मोडते आहे. तुम्ही माहेरी जायच्या आत हे पत्र तुम्हाला मिळो.

डॉक्टर बरा आहे असं म्हणाले नव्हते. त्या शनिवारी मी दादांबरोबर होते. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट समजावलं. चांगला माणूस होता. खोट फार मोठी आहे, आपल्याकडे याला शस्त्रक्रिया नाही, पोराकडे थोडे महिने आहेत, कदाचित कमी. घरी न्या, त्याला आवडेल ते करू द्या. दादांनी विचारलं, मुंबईत दुसरा कुणी डॉक्टर? ते म्हणाले, मी तुमच्या जागी असतो तर त्याला घरी नेलं असतं.

बाहेर पिंपळाच्या पारावर दादा किती तरी वेळ बसून राहिले. शालिग्राम बाजूला उकिडवा बसून मुंग्या पाहत होता. मी म्हटलं, वहिनीला कसं सांगायचं? दादा म्हणाले, "तिले लिहू नको, गीता. ओली बाळंतीण हाये. धक्का बसला त अंगावरचं दूध आटन, मंग ते दुसरं लेकरूबी जाईन. मी सांगीन सव्वा महिन्यानं." आणि मग म्हणाले, "उद्या लेकराइले मुंबई दाखवू."

तो दिवस मी तुम्हाला खोटा लिहिला होता. पायी फिरला नाही तो, वहिनी. सकाळपासून दादांच्या खांद्यावर होता. ट्राममध्ये एका बाईनं त्याला "बेबी, इथं बस" म्हणून जवळ घेतलं, त्यानं दादांच्या धोतरात तोंड लपवलं. राणीच्या बागेत हत्तीपुढे त्याला खाली ठेवलं, तर चार पावलांत उकिडवा बसला. तिथली मुलं गोळा झाली. एकानं वेणी ओढून विचारलं, तू मुलगा आहेस का मुलगी? मधू त्या मुलाच्या अंगावर धावून गेला. शालिग्राम रडला नाही. दादांनी उचलल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, माहे केस कवा कापता?"

दादा म्हणाले, "तू बरा झाला का कापू."

"मंग मी कवा बरा होतो?"

वहिनी, दादा तिथेच उभे राहिले. लोक धक्के देऊन पुढे जात होते, ते हलेनात. मग बागेबाहेर आले आणि समोर पहिलं सलून दिसलं त्यात शिरले. मी हात धरला. म्हटलं, दादा, नवस आहे, वहिनी काय म्हणेल? ते म्हणाले, "नवस माह्या डोक्यावर. पाप लागलं त मले लागू दे. पोराले एक दिवस त पोरगा होऊ दे."

टॅक्सी त्याच्यानंतर केली. त्याला आता लोकांनी पाहावं असं वाटत होतं, म्हणून टॅक्सीची काच खाली करून बसला होता.

घरी आल्यावर मी दादांना म्हटलं, केस कापलेले पाहून वहिनीला काय सांगायचं? बरा झाला म्हटल्याशिवाय दुसरं काही जुळत नव्हतं. ते पत्र मीच रचलं. नवस फेडायची तयारी कराल, हे आम्हा दोघांच्या ध्यानात आलं नाही. सव्वा महिन्यानं दादा सांगणार होते, पण त्याआधीच तुम्ही नवसासाठी अमीनाबींबरोबर गहू निवडायला बसला होतात. तुम्हाला तसं हसताना पाहून त्यांची वाचा गेली, असं दहाव्याला त्यांनी मला सांगितलं.

केस कापले म्हणून शालिग्राम गेला नाही, वहिनी. तो जाणार हे कळलं म्हणून केस कापले. दादा तुम्हाला हे कधी सांगणार नाहीत. तुम्ही त्यांना दोष दिलात तो त्यांनी अंगावर घेतला, कारण दोष द्यायला कुणी नसलं तर तुम्ही देवीला द्याल किंवा स्वतःला, अशी त्यांना भीती आहे. मला मात्र ते पाहवत नाही.

मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण त्यांना सोडून जाऊ नका.

गीता


अमडापूर,
१३ मे १९६४

गीताबाई,

पत्र मिळून चार दिवस झाले. भाऊ न्यायला आला होता, त्याला परत पाठवलं. बाळाला उन्हाळी लागलीय असं सांगितलं.

आधी जे बोलायचं ते बोलते. तुम्ही दोघांनी माझं दूध वाचवलं. बाळ अंगावर पितं आहे, ठणठणीत आहे. पण तुम्ही मला तो बरा झाला म्हणून सांगितलंत, आणि मी ते खरं धरून वागले. तो शाळेत जायचं नाही म्हणून दाराशी उकिडवा बसला, तेव्हा मी त्याला दंडाला धरून उभा केला. म्हटलं, "आता सोंगं करू नको, बरा झाला तू." पाटी हातात दिली आणि ढकलला. एकदा नाही, रोज. तुमचं फेब्रुवारीतलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, आत्या लाड करते. गीताबाई, मला ठाऊक असतं तर मी त्याला दोन महिने मांडीवरून खाली ठेवला नसता. ते दोन महिने तुमच्या दादांना मिळाले आणि मला मिळाले नाहीत. हे मी विसरेन असं म्हणत नाही. तुम्हीही ती आशा ठेवू नका.

तुमच्या दादांना दोष दिला होता तेव्हा मला धरायला काहीतरी होतं. तुमचं पत्र वाचलं आणि तेही हातातून गेलं. पहिले दोन दिवस तर मी तुमच्यावरच जळत होते, की हिनं हे सांगितलंच का?

काल मी स्वतः भाकर घेऊन वावरात गेले. बाळ बरोबर होतं. तुमचे दादा वखर सोडून निंबाखाली बसले होते. किती वाळलेत, ते मी दीड महिन्यात पाहिलं नव्हतं. मी भाकर सोडली, कांदा फोडून दिला, बाळाला गोधडीवर टाकलं. ते खाली मान घालून जेवले. मी पत्राचं काही बोलले नाही. जेवण झाल्यावर विचारलं, "केस कापल्यावर आरशात पाहून काय म्हणाला थो?"

त्यांनी मान वर केली. मला कुणी सांगितलं, काय सांगितलं, काही विचारलं नाही. मग म्हणाले, "म्हने, बाबा, आता माय मले वळखनारच नाही. अन् खुदकन हासला."

गीताबाई, तुम्हाला ठाऊक नाही. ते दोघं मुंबईहून आले त्या दिवशी मी बाळाला घेऊन दारात उभी होते. दिवेलागण झाली होती. पुढून एक आखूड केसांचं पोरगं आलं, मला वाटलं गल्लीतल्या मोतीरामच्या घरचं कुणी आहे. मी त्याच्या डोक्यावरून मागे पाहिलं, म्हटलं, अहो, शालिग्राम कुठी हाये? ते पोरगं माझ्यासमोर उभं राहून हसायला लागलं. हसून हसून त्याला दम लागला, खाली बसला, तरी हसू थांबेना. मी ओळखलं तेव्हा बापाकडे वळून टाळ्या पिटत म्हणाला, "नाही वळखलं ना! मी म्हनत होतो ना!"

मी त्या वेळी केसांच्या रागात होते. त्याचं हसणं मी तेव्हा धड पाहिलंही नाही. काल निंबाखाली पाहिलं.

तुमचे दादा रडले. पोरगा गेला त्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग मीही रडले. दोघांनाही उठवेना. बाळ जागं होऊन भुकेनं ओरडायला लागलं तेव्हा उठलो. त्यांनी बाळाला खांद्यावर घेतलं, मी रिकामं भांडं घेतलं, आणि आम्ही घरी आलो.

कोकिळा